कोषाध्यक्ष वारले, पण त्यांच्या सह्यांचे पाच चेक अजून शिल्लक आहेत

मानेवाड्याची सचिव:

नमस्कार. प्रश्न लांब आहे. थोडक्यात लिहून पाहिलं, पण मग खरी गोष्टच राहून जाते.

नागपुरात आमची एक लहानशी संस्था आहे. १९९८ ची नोंदणी, सोसायटी आणि पब्लिक ट्रस्ट दोन्ही. काम एकच, अभ्यासिका. ६४ खुर्च्या, महिन्याला ३०० रुपये, ज्याला जमत नाही त्याला माफ. एमपीएससी, तलाठी, पोलीस भरतीवाली पोरं-पोरी सकाळी सहापासून येऊन बसतात. मीही तिथलीच. खिडकीजवळच्या तिसऱ्या खुर्चीवर तीन वर्षं बसून मी नोकरीला लागले. म्हणून गेल्या वर्षी काकाजी म्हणाले, "तू आता सचिव हो," तेव्हा नाही म्हणता आलं नाही.

काकाजी म्हणजे आमचे संस्थापक-अध्यक्ष. वीज मंडळातून रिटायर झालेले, वय ७८. संस्था त्यांच्या रेग्झिनच्या बॅगेत राहते. शिक्का, लेटरहेड, पावतीपुस्तक, चेकबुक, घटनेची एकुलती एक प्रत, सगळं त्या बॅगेत. काकाजी लेकीकडे अकोल्याला गेले की संस्थाही अकोल्याला जाते.

हिशेब भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे. एप्रिलच्या पानामागे कूलरचा पंप आणि वाळ्याच्या ताट्या, जूनच्या मागे ताडपत्री. वर्ष संपलं की ते कॅलेंडर सीएंकडे जातं. पैसा इकडचा तिकडे झालेला नाही, हे मी कुणाच्याही पाया पडून सांगेन. उलट काकाजींचेच गेलेत. २०१९ मध्ये छत गळायला लागलं तेव्हा त्यांनी स्वतःची ठेव मोडून २ लाख ४० हजार घातले. ताळेबंदात ते "अध्यक्षांकडून उसने" म्हणून आजही उभे आहेत.

आता मूळ गोष्ट. नोव्हेंबरमध्ये आमचे कोषाध्यक्ष वारले. काकाजींचे शाळेपासूनचे मित्र. जरीपटक्याहून मानेवाड्याला दर वेळी यायला नको म्हणून ते चेकबुकवर आधीच सह्या करून ठेवायचे. फेब्रुवारीत मी विचारलं, "काकाजी, खात्याला दोन सह्या लागतात, मग डिसेंबरचं लाइट बिल कसं भरलं?" त्यांनी बॅग उघडली. "सात चेकवर सही करून ठेवली होती नं त्यानं. दोन वापरले, पाच आहेत अजून." आणि वर म्हणाले, "जाता जाताही सोय करून गेला पहा."

मला हसू येईना, रडू येईना.

त्यानंतर बँकेची केवायसी आली. त्यांना शेड्यूल वनची, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीची, प्रमाणित प्रत हवी. धर्मादाय कार्यालयातून नक्कल काढली तर त्यावर २००९ ची कार्यकारिणी. सात नावं. त्यातले चार देवाघरी, एक पुण्यात स्थायिक आणि तोंडी राजीनामा देऊन मोकळे, उरले काकाजी आणि काकू. म्हणजे मी सचिव आहे असं फक्त अभ्यासिकेतल्या फळ्यावर लिहिलेलं आहे. मधल्या वर्षांत निवडणुका झाल्या, आलुबोंडे खाल्ल्याचं मलाही आठवतं, पण चेंज रिपोर्ट, म्हणजे कार्यकारिणी बदलल्याचा धर्मादाय कार्यालयाकडचा अर्ज, एकदाही गेला नाही. सभांचं जुनं प्रोसिडिंग बुक काकाजींच्या घरी खालच्या कप्प्यात होतं. घर तळमजल्यावर, नाग नदीच्या काठाला. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, त्यात त्या बुकाचा लगदा झाला.

आणि नेमकं आत्ताच इतवारीतले एक व्यापारी मुलींसाठी वेगळी खोली बांधायला ३ लाख देतो म्हणतात. त्यांना आजची कार्यकारिणी आणि ८०जी (देणगीदाराला आयकरात सूट मिळवून देणारं प्रमाणपत्र) दाखवा, एवढंच त्यांचं म्हणणं.

शिवाय अभ्यासिका उघडायला काकाजींचा भाचा आहे, पगार ७०००. सहाची वेळ, हा साडेसातला येतो. पोरं बाहेर ओट्यावर बसून वाचतात. त्याला बोलायचं कुणी?

मी विषय काढला तर काकाजी एवढंच म्हणाले, "माझ्यावर भरवसा नाही का तुझा?" आणि दोन दिवस बोलले नाहीत. मग काकूंचा फोन, "त्यांचं बीपी वाढलं गं." सांगा, सुरुवात कुठून करू?

एक वाटसरू:

राजीनामा द्या आणि सुटा. उद्या काही झालं तर तुम्हीच अडकाल.

मानेवाड्याची सचिव:

राजीनामा देऊ कोणाला? ज्या पदावर कागदोपत्री मी नाहीच, त्याचा?

जुना बाबू:

ताई, वकिलांकडे बसून ट्रस्टांचे फेरफार अर्ज टाइप करण्यात माझी ३१ वर्षं गेली. तुमच्यासारखी केस महिन्याला चार यायच्या, तेव्हा घाबरू नका.

आधी चेक. पाचही चेकवर आजच आडवी रेघ मारून "रद्द" लिहा. बँकेला कोषाध्यक्ष वारल्याचं लेखी कळवा, सोबत मृत्यूचा दाखला जोडा, पोच घ्या. जे दोन वटले ते लपवू नका, कशासाठी वापरले त्याची बिलं फाइलला लावा. लाइट बिलच भरलंय, कुणी फासावर देत नाही. पण तिसरा चेक वापराल तर मग ती चूक राहत नाही.

आता शेड्यूल वन. सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम २२ प्रमाणे विश्वस्तांत बदल झाला की ९० दिवसांत कळवायचं असतं. तुमचे तर काही बदल पंधरा वर्षांचे. तरी रस्ता बंद नाही. २०१७ च्या दुरुस्तीनंतर विलंब माफ होतो, खर्चाची रक्कम भरावी लागते. मृत्यूचे बदल सोपे, दाखला जोडला की झालं. पुण्याच्या सदस्यांकडून लेखी राजीनामा मागवा. तोंडी राजीनाम्याला किंमत नाही.

खरी गाठ निवडणुकांची आहे. नव्या कार्यकारिणीचा अधिकार जुनीकडून येतो, म्हणून सगळ्यात जुना बदल आधी, मग पुढचा. लोक उलटं करतात, २०२५ ची यादी टाकून मोकळे होतात. मग कार्यालय विचारतं, ही सभा बोलावणारे तुम्ही कोण? तेव्हा घटना नीट वाचा. "नवीन समिती येईपर्यंत जुनी समिती काम पाहील" अशी ओळ पुष्कळ घटनांमध्ये असते. असेल तर काकाजी आजही अध्यक्ष आहेत आणि सभा तेच बोलावू शकतात. नोटीस घटनेत लिहिलेल्या पद्धतीनंच काढा, व्हॉट्सअॅपच्या भरवशावर राहू नका. सभासदांची यादी आधी पक्की करा, मतदानाचा हक्क त्यातून ठरतो. घटनेत अशी ओळ नसेल किंवा कुणी आक्षेप घेतला, तर कलम ४१अ खाली सहधर्मादाय आयुक्तांकडे निर्देश मागता येतात.

वाद नसेल आणि कागद पूर्ण असतील तर १५ कामकाजाच्या दिवसांत तात्पुरती मान्यता द्यायची तरतूद आहे. तेवढ्यातच होईल असं धरून चालू नका, पण व्यापारीसाहेबांना दाखवायला अर्जाचा क्रमांक तरी हाती येतो.

भिजलेल्या बुकाबद्दल एक गोष्ट. जुन्या सभा नव्या रजिस्टरात "लिहून काढायच्या" मोहात पडू नका. आमच्याकडे एकानं २००८ ची सभा लिहून आणली होती, आणि रजिस्टरच्या मागच्या पुठ्ठ्यावर छपाईचं साल २०१४. साहेबांनी ते पान फक्त उलटून दाखवलं. लगद्याचे फोटो काढा, प्रतिज्ञापत्र करा, कार्यालयात आधी दाखल झालेल्या ऑडिटच्या नकला मागा. पुराची तारीख तर सगळ्या नागपूरला माहीत आहे.

कळमेश्वरवाला:

ताई, कायदा बाबूजीनं सांगतला, तो बराबर हाय. मी माणसाचं सांगतो.

आमच्या व्यायामशाळेत असाच कारभार होता. गुरुजी ८१ वर्षाचे, चाव्या करदोट्याले बांधलेल्या. आम्ही पोट्टे लय शहाणे, सभेत उभं राहून हिशेब मांगतला. गुरुजी उठले, लंगोट घेतला अन् घरी गेले. दोन महिने आखाड्यात माती कोणी खणली नाही. मंग चूक समजली. आम्ही हिशेब मांगत होतो, त्यायले वाटलं आम्ही त्यायलेच काढून रायलो.

मंग काय केलं, तर एक लोखंडी कपाट घेतलं, दोन कुलपाचं. एक चावी गुरुजीपाशी, दुसरी कोषाध्यक्षापाशी. गुरुजीशिवाय कपाट उघडत नाही, पण एकट्या गुरुजीनंबी उघडत नाही. त्यायचा मान रायला अन् आमचं काम झालं.

तुमी बॅग मांगू नका. बॅग म्हणजे काकाजीचा संसार हाय बाप्पा. पयले काकूले धरा. शेड्यूल वनवर तर त्यायचंबी नाव हाय नं, म्हणजे त्या फक्त चहा देणाऱ्या नाहीत. अन् भाच्याले आत्ता हात लावू नका, तो शेवटचा. त्याच्यापासून सुरू कराल त बाकी सारं भाच्यावरचं भांडण होऊन बसते.

ऑडिटवाली:

भाच्याला शेवटी ठेवा हे मान्य, पण कागदावर त्याला आधी आणा. संस्थापकाच्या नातेवाइकाला पगार देता येतो, मात्र तो कामाच्या मानानं वाजवी हवा. नाहीतर आयकराच्या सवलतीत अडचण येते. ७००० मध्ये वाजवीचा प्रश्नच नाही, उलट कमीच आहे. पण नेमणुकीचा ठराव हवा, वेळ सकाळी ६ अशी लिहिलेली हवी, आणि त्या ठरावाच्या वेळी काकाजी-काकूंनी मत देऊ नये. एकदा वेळ ठरावात आली की त्याला बोलायला तुम्ही लागत नाही, हजेरीपुस्तक बोलतं.

त्या २ लाख ४० हजारांकडे कुणी पाहिलं नाही इथं. महाराष्ट्राच्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्यात कलम ३६अ(३) आहे. धर्मादाय आयुक्तांच्या आधीच्या परवानगीशिवाय विश्वस्तांना संस्थेसाठी कर्ज घेता येत नाही. ते कर्ज अध्यक्षांनीच, बिनव्याजी, प्रेमानं दिलेलं असलं तरी. "उसने" हा शब्द तुमच्या ताळेबंदात दरवर्षी छापून येतोय. काकाजींना ते परत नको असतील तर तसं त्यांच्या हातचं पत्र घ्या आणि ठराव करून देणगीत वळवा. परत हवे असतील तर वकिलांना विचारून अर्ज करा. निर्णय त्यांचा, आणि हे बोलणं बॅगेच्या दिवशी काढू नका.

८०जीचं प्रमाणपत्र कोणत्या सालचं आहे ते पाहा. २०२१ पासून जुन्या सगळ्यांना नव्यानं नोंदणी करावी लागली, ती मुदतीची असते. "आमच्याकडे ८०जी आहे" म्हणणाऱ्या कितीतरी संस्थांकडे फक्त लॅमिनेट केलेला जुना कागद असतो. नोंदणी चालू असेल तर देणगीचा तपशील आयकर खात्याच्या ठरलेल्या फॉर्ममध्ये ३१ मेपर्यंत भरायचा, नाहीतर दिवसाला २०० रुपये विलंब शुल्क. रोख २००० च्या वर घेतलंत तर देणगीदाराला सूट मिळत नाही. इतवारीचा व्यापारी आहे, चेकनंच देईल म्हणा.

आणि खातं अडलंय म्हणून या महिन्याचं लाइट बिल तुम्ही स्वतः भरणार असाल तर पावती फाडून देणगी म्हणून भरा. नाहीतर पुढच्या वर्षी "सचिवांकडून उसने".

मानेवाड्याची सचिव:

बारा दिवसांनी लिहिते आहे.

काकूंनाच आधी भेटले. शेड्यूल वनची नक्कल दाखवली तर त्यांनी स्वतःच्या नावावर बोट ठेवलं. "मी विश्वस्त आहे? हे मला आजवर कोणी सांगितलंच नाही." त्या दिवशी चहा काकाजींनी केला.

घटनेत जुना बाबू म्हणाले तशी ओळ सापडली, नियम १४ मध्ये. सभासद यादीत ४१ नावं निघाली, त्यातली २६ माणसं हयात आहेत आणि पत्ते सापडलेत. पुण्याच्या काकांनी राजीनामा पोस्टानं पाठवला, सोबत ५०१ रुपयांची मनीऑर्डर, का ते कळलं नाही. नोटीस काकाजींच्या सहीनं निघाली. ८०जी मात्र ऑडिटवाली ताईंनी सांगितलं तसंच निघालं, लॅमिनेट केलेलं, २०११ चं. व्यापारीसाहेबांना खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, "दिवाळीपर्यंत थांबतो, पण खोली मुलींचीच झाली पाहिजे." कपाट शनिवारी येतंय, दोन कुलपांचं.

चेक काकाजींनी स्वतःच्या हातानं रद्द केले. चार पटापट झाले. पाचव्यापाशी थांबले. सहीकडे बघत म्हणाले, "अक्षर पहा त्याचं, मॅट्रिकपासून बदललं नाही." मग मला विचारलं, "हा एक मी ठेवला तर चालेल का तुझ्या कायद्यात?"

मला माहीत नव्हतं. चालेल का?

जुना बाबू:

आडवी रेघ ठळक मारा, सहीवरून नको. चेक नंबर रद्द म्हणून रजिस्टरात लिहा, बँकेला दिलेल्या पत्रातही टाका. मग राहू द्या त्यांच्या बॅगेत.