उत्तर: कॅरॅव्हॅन लेव्हल करायला एअर बॅग

दादा, कॅरॅव्हॅन (गाडीमागे ओढायचं फिरतं घर) मुक्कामाला सपाट उभी राहावी म्हणून दोन्ही चाकांच्या वर एअर बॅग (सस्पेन्शनला आधार देणारी हवेची रबरी पिशवी) बसवून दोन्हींत एकाच पाइपने हवा भरायची म्हणताय, पण एका पाइपची काटकसर करू नका. बॅगा एकमेकींना जोडल्या की कसारा घाटातल्या वळणावर दबलेल्या बाजूची हवा दुसरीकडे पळते आणि ट्रेलर आणखी कलतो. शिवाय मुक्कामाला एकच बाजू उचलायची तर लाइन वेगळ्याच लागणार: दोन व्हॉल्व्ह, दोन गेज.

मी अंबडला ब्रॅकेट वेल्ड करून घेतले, तेव्हा सस्पेन्शन पूर्ण दाबून बघितलंच नाही. बॅग पाट्याला (लीफ स्प्रिंगला) घासत राहिली आणि महिन्याभरात भोक! (घाई माझीच, त्र्यंबकला जायचं होतं.)

पाटे दबून सपाट झाले असतील तर आधी ते बदला. बॅगेने उंची मिळते, अ‍ॅक्सलची वजन पेलायची क्षमता वाढत नाही. पुढे-मागे लेव्हल मात्र नाकाच्या (गाडीला जोडायच्या पुढच्या टोकाच्या) जॅकनेच.

आणि मुक्काम हलवताना दोन्हीकडचा दाब पुन्हा सारखा करा. बॅग अगदी रिकामी ठेवून चालवलीत तर रबर चिमटून फाटतं.