साक्षगंधाच्या आधी सायलेन्सर चमकवायचा हाय

बंटी: परवा साक्षगंध हाय न आपल्या गाडीच्या सायलेन्सरचं तोंड पाह्यलं का कोणी, स्टीलचं म्हणून ज्यादा पैसे देऊन लावलं होतं, चुलीच्या फुकणीवानी काळं झालं. बाथरूमचं ॲसिड टाकून घासू का

मामा: थांब बे!! टाकू नको

मोठी आई: चिंच लाव ना. पितळेची गुंडी कशी निघते

काकू: गुंडी न सायलेन्सर एकच हाय का ताई

मामा: मोठ्या ताई, चिंचेनं तांबं पितळ निघते, ही तर काजळी हाय, तेलकट, हिले भांड्याचा साबण न कोमट पाणी पायजे. न बंटी ॲसिड काहून नाई ते आयक, स्टीलवर क्रोमियमचा एक पापुद्रा असते, डोळ्याले दिसत नाई पण जंगापासून तोच वाचवते, बाथरूमच्या ॲसिडमध्ये हायड्रोक्लोरिक असते ते हा पापुद्राच खाते न मंग टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडते. मी केलं होतं जुन्या गाडीले. आठ दिवस आरशावानी, मंग तांबडे ठिपके, ते गेलेच नाई

बंटी: मंग तारेची घासणी?

मामा: लोखंडी तार बिलकुल नाई. तिचे कण स्टीलमध्ये रुतते, गंजते ते, न आपण म्हणतो स्टील गंजलं. गाडी थंडी होऊ दे, हिरव्या घासणीनं साबण लावून घास. डाग उरलाच तर पाण्याचा पॉलिश पेपर, पहिले 800 नंबरचा मंग 1500 मंग 2000, ओला करून एकाच दिशेनं. शेवटी ब्रासो न जुन्या बनियनचा तुकडा

मोठे बाबा: तो निळा सोनेरी पट्टा दिसते तो?

मामा: तो मळ नाई भाऊजी, स्टील तापलं का वरचा थर जाड होते त्याचा रंग हाय. पॉलिशनं जाते, पण गाडी चालली का पुन्हा येते

बंटी: मामा चुंबक लावून पाह्यलं, मधल्या डब्ब्याले चिटकते, तोंडाले नाई. दुकानवाल्यानं फसवलं का

मामा: नाई बे. डब्बा 409 नंबरच्या स्टीलचा असन, त्यात क्रोमियम 11 टक्क्याच्या आसपास, चुंबक धरते न वरून तांबूस होते. तोंड 304 चं असन, 18 टक्के क्रोमियम 8 टक्के निकेल. डब्बा राहू दे तसाच, सोयऱ्यायनं काय गाडीखाली झोपून पाहायचं हाय?

मोठे बाबा: मी तर दर रविवारी धुतो, तरी पांढरे डाग येते

मामा: बोअरच्या पाण्यानं धुता न? भाऊजी आपण खारपाणपट्ट्यात राहतो, पूर्णेच्या खोऱ्यातलं पाणी, वाळलं का मीठ उरते, न मीठ म्हणजे पुन्हा त्या हायड्रोक्लोरिकमधलंच क्लोराईड, ॲसिडचाच लहान भाऊ. बोअरनं धुवा, पण शेवटचं पाणी गोडं टाका न लगेच कोरड्या फडक्यानं पुसा. अर्धे डाग तर न पुसल्यानंच येते

मोठी आई: गोडं पाणी सायलेन्सरले?? नळ चार दिवसाआड येते घरी

बंटी: मोठी आई एक बादली फक्त

मोठी आई: एक तांब्या देईन. मोजून

मोठे बाबा: न बनियन कोणाचं फाडलं बे ते