शिकारीसाठी कंपाउंड बो घ्यायचाय: दुकानदार म्हणतो ६० पाउंड, खांदा म्हणतो नको

वारणाकाठची

मंडळी, विस्कॉन्सिनमध्ये आमचं हे सातवं वर्ष. मी मूळची वारणेकाठची. मटण रविवारी नाहीतर यात्रेला, आणि शिकार म्हणजे आजोबांच्या गप्पांत. इथं नोव्हेंबरात बंदुकीचा सीझन लागला की आमच्या ऑफिसचा अर्धा मजला रिकामा होतो. मागच्या वर्षी शेजारच्या आजींनी (वय ६८, अजून झाडावरच्या मचाणावर चढून बसतात) हरणाचं मटण आणून दिलं. त्याचा तांबडा रस्सा केला आणि तिथंच ठरवलं की आपणही जायचं. बंदुकीच्या आवाजानं दचकते, म्हणून धनुष्य, तेही टोकांना चाकं असलेलं कंपाउंड बो. हंटर एज्युकेशनचा कोर्स झालाय. १९७३ पासून पुढं जन्मलेल्यांना इथं तो केल्याशिवाय लायसन्स नाही.

आता अडलंय ते बोपाशी. उंची ५ फूट १ इंच, वजन ५४ किलो. एका दुकानात गेले तर त्यानं आधी गुलाबी रंगाचा ‘लेडीज’ बो पुढं केला. मग म्हणाला, हरणासाठी ६० पाउंड (म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर) तरी हवेतच, आणि हातात २८ इंचाचा दिला. बो छताकडं करून कसाबसा ओढला, तीन दिवस खांदा धरून बसले. ‘सवय होईल’ म्हणे. नवऱ्याचंही तेच: कमी पाउंडचा घेऊन जनावर जखमी सोडायचं का? हा मुद्दा मलाही पटतो, म्हणूनच विचारतेय. सासूबाई म्हणतात, सीतेनं नुसतं हरीण मागितलं तर एवढं रामायण झालं, तू तर स्वतःच निघालीस.

बजेट सगळं धरून ६०० डॉलर. किती पाउंड घेऊ? बायकांचा म्हणून वेगळा बो खरंच असतो, की नुसता रंग?

ओढाताण

ताई, पाउंड नंतर. आधी ड्रॉ लेंग्थ, म्हणजे दोरी किती इंच मागं ओढायची ते माप. दुकानदारानं तुम्हाला माप न घेता शर्ट विकायला काढला होता.

भिंतीला पाठ लावून दोन्ही हात आडवे पसरा, मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत इंचात मोजा, २.५ नं भागा. तुमच्या उंचीला साधारण २४ ते २५ येईल. २८ इंचाच्या बोत तुमचा डावा हात कोपरात सरळ ताठ होतो, दोरी गालाच्या मागं जाते आणि सुटताना कोपराखाली हातावर सणसणीत बसते. खांदा दुखला तो निम्मा तरी लांबीमुळं.

आम्ही पेनसिल्व्हेनियात. बायको ५ फूट, गेली नऊ वर्षं जाते. पहिला बो मी हौसेनं माझ्या मापानं घेऊन दिला होता. एक अख्खा सीझन ती बिचारी ‘मलाच जमत नाही’ म्हणत राहिली. त्याबद्दल अजून ऐकतो. आता तिचा बो साडेचोवीस इंच, ४३ पाउंड. ३७० ग्रेन (साधारण २४ ग्रॅम) वजनाचा बाण सेकंदाला १९५ फुटांनी जातो, म्हणजे ३१ फूट-पाउंड ऊर्जा. हरणासाठी २५ ते ४१ पुरे, असं बाण कंपनीच्याच तक्त्यात आहे. मागच्या ऑक्टोबरात १८ यार्डांवरून मारलेला बाण आरपार जाऊन पलीकडं मातीत रुतला होता. कायदाही फार मागत नाही: तुमच्याकडं किमान ३० पाउंड, आमच्याकडं ३५.

पण तिचे दोन नियम पक्के. २० यार्डांपलीकडं बाण सोडायचा नाही. आणि पातं स्थिर, दोन धारांचं, दाढी होईल इतकं धारदार. लागल्यावर उघडणारी मेकॅनिकल पाती उघडण्यातच जोर खातात. ७० पाउंडवाल्याला ते चालतं, आपल्याला ती चैन परवडत नाही. नवऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर हेच: जनावर जखमी होऊन जातं ते हात थरथरल्यामुळं, लांबून मारल्यामुळं, बोथट पात्यामुळं.

बॉक्सवरच्या वेगाला भुलू नका. तो आकडा ७० पाउंड, ३० इंच आणि ३५० ग्रेनच्या बाणावर काढलेला असतो. ड्रॉ लेंग्थ इंचभर घटली की साधारण १० फूट वेग गेला.

दुकानात एक परीक्षा करा. खुर्चीवर बसा, पाय जमिनीवरून उचला, बो समोर सरळ धरून ओढा. छताकडं न्यावा लागला तर पाउंड उतरवायला सांगा. मग अर्धा मिनिट धरून ठेवा. ४२ पाउंडाच्या बोला ८० टक्के लेट-ऑफ (पूर्ण ओढल्यावर कमी होणारा भार) असेल तर शेवटी हातात साडेआठच पाउंड उरतात, पण हरीण झाडामागं थांबलं की तेही जड होतात. नोव्हेंबरात तीन थर कपडे घालून, दोन तास गारठून बसल्यावर ओढायचंय, हे विसरू नका. दुकानात हीटर असतो.

सातारची आई

अगं, आमच्याकडं शिकारीला १९७२ च्या कायद्यानं बंदी, त्यामुळं हरणातलं मला काही कळत नाही. पण लेक पाच वर्षं कंपाउंड खेळतेय, तेवढ्यावर सांगते. साताऱ्यात आता मुलींच्या हातात हा बो दिसला तर कुणी वळूनही बघत नाही. २०२३ ला बर्लिनला अदिती स्वामी १७ व्या वर्षी जगज्जेती झाली, त्यानंतर तर नाहीच.

त्या स्पर्धांतही ६० पाउंडाच्या वर जाताच येत नाही. तुझा दुकानदार नवशिक्या बाईला थेट तिथं बसवत होता, कमाल आहे.

आणि डोळा तपास. दोन्ही हात पुढं करून पंजांचा छोटा त्रिकोण कर, त्यातून लांबचा दिवा बघ, मग एकेक डोळा मीट. जो उघडा असताना दिवा जागेवर राहतो तो तुझा डोळा. आमची लेक उजव्या हातानं लिहिते, डोळा डावा निघाला. डावखुरा बो घेतला. नातेवाईक हसले. दोन महिन्यांत बाण पिवळ्यात, म्हणजे निशाणाच्या मधोमध.

रिलीजचा (ट्रिगर दाबून दोरी सोडायचं साधन) मनगटाचा पट्टा बकलचा घे. वेल्क्रो सैल होतं, आणि बारीक मनगटावर बोट ट्रिगरपर्यंत नीट पोचत नाही. छातीचं गार्डही घे. पुरुष मंडळी हे कधी सांगत नाहीत.

रिकामा बो ओढून दोरी कधी सोडू नकोस. पाहुण्यांची पोरं आली की कपाटात कुलूप.

ओढाताण

गार्डचं मी खरंच विसरलो होतो. बायको मागून वाचून हसतेय.

रंगाबद्दल राहिलं. ‘लेडीज’ बोत खरोखर फरक असतो तो ड्रॉ लेंग्थ २३–२४ इंचांपासून सुरू होण्यात, बारीक मुठीत आणि वजनात. त्यातला एखादा तुम्हाला बसला तर घ्या, गुलाबी असला तरी. पण तुमच्या बजेटात डायमंडचा इन्फिनिट एज प्रो बघा: १३ ते ३१ इंच, ५ ते ७० पाउंड, बिनसामानाचा ३.२ पाउंड वजनाचा. नेम धरायची साइट, बाण टेकवायचा रेस्ट, भाता लावलेला संच मिळतो. ३५ वर सुरू करा, सप्टेंबरपर्यंत ४२ वर न्या. तुमच्याच राज्यात स्पार्टाला मॅथ्यूज बनतात, फार देखणे, पण नव्याला बहुधा हजाराच्या वर मोजावे लागतील. जुना मिळाला तर दोरी बदलायचा खर्च धरा.

रस्सा करणार असाल तर सीडब्ल्यूडीची (हरणांच्या मेंदूचा एक जीवघेणा रोग) तपासणी करून घ्या. तुमच्या राज्याचं डीएनआर (नैसर्गिक संसाधन खातं) फुकट करतं. निकाल येईपर्यंत मटण फ्रीझरमध्ये.

वारणाकाठची

भिंतीशी उभी राहिले, शिवणाच्या टेपनं सासूबाईंनीच मोजलं. ६१ इंच. म्हणजे २४.४. डोळा उजवा निघाला.

शनिवारी दुसऱ्या दुकानात गेले. तिथल्या बाईनं काही न विचारता आधी खुर्ची दिली. ३४ पाउंड, साडेचोवीस इंच, बसून सरळ ओढला, तीस मोजेपर्यंत धरला. १० यार्डांवरून सहा बाण, चार वहीच्या पानाएवढ्या जागेत. इन्फिनिट एजच घेतला, छातीचं गार्ड आणि बकलचा पट्टा धरून ५७० झाले. रंग काळा.

नवऱ्यानं ओढून बघायला मागितला. त्याचं माप २९ इंचाचं, कोपर वाकडं करून अवघडल्यासारखा उभा राहिला. सासूबाई म्हणाल्या, तुझं माप नाही ते, ठेव खाली.

आता एक विचारायचंय: अपार्टमेंटमागच्या गवतावर सराव करायला गावाची परवानगी लागते का, की सरळ क्लबच गाठू?