कम्युनिटी फाउंडेशनचं अनुदान: पहिला अर्ज कसा करावा?

वाचनवेल:
आमची छोटी नोंदणीकृत संस्था शाळेनंतर मुलांचे वाचनवर्ग चालवते. आजवर वर्गणी आणि देणग्यांवर भागलं. आता कम्युनिटी फाउंडेशनकडे अर्ज करायचा आहे, मुदतीला सहा आठवडे उरलेत. त्यांच्या यादीत बरेच निधी दिसतात, त्यातला आपला कोणता? रक्कम किती मागावी? आणि शिक्षिकांचं मानधन, ऑफिसखर्च दाखवला तर अर्ज मागे पडतो का?

निधीपाल:
कम्युनिटी फाउंडेशनमध्ये अनेक दात्यांचे निधी एकत्र सांभाळले जातात, पण प्रत्येकाची अट वेगळी. १९१४ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये फ्रेडरिक गॉफ या बँकरने पहिलं फाउंडेशन काढलं, ते दात्याच्या पश्चात कालबाह्य अटींमुळे पैसा अडकून पडू नये आणि समितीने बदलत्या गरजा पाहून तो वाटावा, यासाठी. तुमच्या कामाचे निधी मुख्यतः दोन. एक, ज्याचा विनियोग फाउंडेशन स्वतः ठरवतं. दुसरा, शिक्षण किंवा आरोग्य अशा एका क्षेत्रासाठी राखलेला. ठरावीक संस्थेच्या नावे ठेवलेल्या निधीसाठी अर्ज करून उपयोग नाही. ‘डोनर ॲडव्हाइज्ड’ निधीत दाता शिफारस करतो, अंतिम निर्णय फाउंडेशनचा. त्याला सहसा खुला अर्ज नसतो, मात्र चांगला प्रस्ताव प्रोग्राम ऑफिसर (फाउंडेशनमधले अनुदानाचं काम बघणारे अधिकारी) अशा दात्यांपुढे ठेवू शकतात. म्हणून अर्ज भरण्याआधी प्रोग्राम ऑफिसरना फोन कराच. दोन वाक्यांत काम सांगा आणि ‘हे कोणत्या निधीत बसतं?’ एवढंच विचारा.

रकमेसाठी त्या निधीची मागच्या दोन-तीन वर्षांची अनुदानयादी काढा. तुमच्याएवढ्या संस्थांना, पहिल्याच खेपेला, काय मिळालं ते बघा आणि त्याच्या आसपास मागा. यातले बरेच निधी कायमस्वरूपी असतात. मुद्दल राखून दरवर्षी थोडाच भाग वाटतात, त्यामुळे मोठा आकडा मागितला म्हणून जास्त मिळत नाही.

ताळेबंद:
मानधन दाखवाच. वर्ग शिक्षिका चालवतात आणि बजेटमध्ये पुस्तकं-खडूच दिसले, तर समितीला पहिली शंका येते की हे काम करणार कोण! हिशोब असा मांडा: २ शिक्षिका × आठवड्याला ६ तास × ४० आठवडे = ४८० तास. इथेच बहुतेक जण तयारीचा वेळ विसरतात. दर आठवड्याला प्रत्येकीचे २ तास धरले की ६४० होतात. हे १६० तास सुटले तर ते फुकट करून घ्यावे लागतात, नाहीतर वर्ष संपण्याआधी पैसे संपतात.

ऑफिसखर्चाची मर्यादा सूचनापत्रकात असते, ती आधी वाचा. भाडं, वीज, ऑडिट यांतला प्रकल्पाचा वाटा कसा काढला ते एका ओळीत लिहा, उदाहरणार्थ एकूण कामाच्या तासांपैकी या वर्गांचे तास किती. ‘इतर खर्च’ अशी गोल ओळ नको. स्वयंसेवकांचा वेळ आणि फुकट मिळालेली खोली जमेच्या बाजूला वस्तुरूप मदत म्हणून दाखवा, आणि तेवढीच रक्कम खर्चातही धरा, नाहीतर दोन्ही बाजू जुळणार नाहीत. मिळालेल्या आणि नुसत्या अर्ज केलेल्या देणग्या वेगळ्या लिहा. मंजुरीपूर्वी झालेला खर्च सहसा ग्राह्य धरत नाहीत, म्हणून प्रकल्पाची सुरुवात निकालाच्या तारखेनंतरची ठेवा.

मोजपट्टी:
वरच्या दोघांनी पैशाचं सांगितलं, पण अर्ज खरा अडतो तो ‘काय बदलेल?’ या रकान्यात. ‘६० मुलांना वर्ग मिळतील’ हे काम झालं, परिणाम नाही. ‘सुरुवातीला परिच्छेद न वाचता येणाऱ्या ४० मुलांपैकी ३० जण वर्षअखेर तो वाचतील’ हा परिणाम. पण सुरुवातीची चाचणी पहिल्याच आठवड्यात घेतली नाही, तर शेवटी तुलना कशाशी करणार? चाचणीचे तासही बजेटात धरा. आणि आकडा हाताला येईल एवढाच लिहा, कारण अंतिम अहवालात त्याचाच जाब द्यावा लागतो.

पाठवण्याआधी संस्थेबाहेरच्या कुणाला तरी मजकूर आणि बजेट शेजारी ठेवून वाचायला द्या. मजकुरात ६० मुलं आणि बजेटमध्ये पुस्तकांचे ४५ संच ही तफावत परीक्षकाला लगेच दिसते.

वाचनवेल:
खूप उपयोग झाला. सहा आठवड्यांत आधी काय हाती घ्यावं?

ताळेबंद:
विश्वस्त मंडळाचा ठराव आणि लेखापरीक्षित हिशोब. या दोन्हींना दुसऱ्यांच्या सह्या लागतात, त्यामुळे उशीर तिथेच होतो. सभेची नोटीस याच आठवड्यात काढा. नोंदणीतलं नाव आणि बँकखात्यावरचं नाव अक्षरशः एक आहे का तेही तपासा. पोर्टलवर शब्दमर्यादेऐवजी अक्षरमर्यादा असेल तर मोकळ्या जागाही मोजल्या जाऊ शकतात, म्हणून उत्तरं आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहा आणि मुदतीच्या दोन दिवस आधी अर्ज सादर करा.