मदत हवी आहे - सुखोईच्या मॉडेलबद्दल

नमस्कार मंडळी, आम्ही धानोरीत राहतो, लोहगाव विमानतळ जवळच त्यामुळे सुखोई हे लढाऊ विमान डोक्यावरून गेलं की खिडकीची तावदानं थरथरतात आणि आमचा लेक हातातला घास टाकून गच्चीवर पळतो. सातवीत आहे. शाळेच्या प्रदर्शनासाठी तो सुखोई ३० एमकेआयचं १:७२ मॉडेल बनवतोय, २००२ मध्ये हे विमान हवाई दलात दाखल झालं ते आपल्या पुण्यातच म्हणून त्याला हेच करायचंय. कॉकपिट, दोन्ही सीट, पुढचे छोटे पंख (कॅनार्ड) सगळं मस्त जमलंय, घोडं अडलंय ते मागच्या नॉझलपाशी, म्हणजे इंजिनाचा गरम झोत जिथून बाहेर पडतो त्या तोंडांपाशी. उडताना नॉझल वळतात आणि त्यानेच विमान एवढ्या कमी जागेत गिरकी घेतं हे त्याला माहितीये, पण उभ्या विमानाच्या फोटोत दोन्ही नॉझल खाली झुकलेले दिसतात. इंजिन बंद झाल्यावर हायड्रॉलिक प्रेशर जातं म्हणून ते खाली येतात का? त्याला विमान चाकांवर उभं दाखवायचंय, मग नॉझल झुकवून चिकटवायचे की सरळ? एकदा चिकटवलं की परत निघणार नाही, पोरगं तीन दिवस ते दोन तुकडे डबीत जपून बसलंय.

आणि ग्रुपमध्ये कोणी हवाई दलातून रिटायर झालेले काका असतील, इंजिनवर काम केलेले तर फारच छान, त्यांनी दहा मिनिटं फोनवर त्याच्याशी बोललात तर खूप उपकार होतील. गुप्त काही नको, फक्त ह्या नॉझलचं. प्रदर्शन शनिवारी आहे, प्लीज मेसेज करा.