२२ मिनिटाचा व्हिडिओ ८ जीबी होऊलालाय, बारीक कसा करायचा?

खानापूरचा_पोरगा:
नमस्कार मंडळी, आमच्या मंडळाच्या शिवजयंती चित्ररथाचा व्हिडिओ एडिट केलाय. बेळगावची मिरवणूक रात्रभर चालते ते तुम्हाला सांगायला नको, कापून कापून २२ मिनिटावर आणलाय. शूट मोबाईलवर फोर-के, एडिट प्रीमियरमध्ये. एक्सपोर्ट केला की फाईल ८ जीबीच्या वर. एकजण म्हणाला रेझोल्युशन १०८० कर कमी होतंय, केलं की ओ, तरी साईज तेवढीच! आमच्या गावात अपलोड ३ एमबीपीएस मिळालं तर नशीब, काल रात्री यूट्यूबला लावून झोपलो आणि पहाटे लाईट गेली, राऊटर बंद, सगळं ७० टक्क्यावर लटकलं. मंडळवाले सकाळपास्न फोन करूलाल्यात. क्वालिटी न घालवता काय करता येईल?

गोगटे_सर्कल:
झिप करून टाक की.

टिळकवाडी_एडिटर:
झिपनं काय होत नाही ओ, एमपीफोर आधीच पिळून काढलेली असते, त्यात परत पिळायला काय शिल्लक नसतंय. वर यूट्यूब झिप घेत पण नाही.

भावा, तुझा घोळ बिटरेटचा आहे, म्हणजे सेकंदाला किती डेटा वापरायचा तो आकडा. फाईलची साईज म्हणजे बिटरेट गुणिले वेळ, बस्स. ४के असो नाहीतर १०८०, बिटरेटचा आकडा तोच ठेवलास तर साईज पण तीच. तुझा ५० एमबीपीएसवर असणार बघ, ८ बिटचा एक बाइट म्हणून ५० ला ८ नं भाग, सेकंदाला सव्वासहा एमबी, २२ मिनिटाचे १३२० सेकंद, म्हणजे सव्वाआठ जीबी. ३ च्या स्पीडनं सहा तास लागणारच, आणि आपल्याकडं सलग सहा तास लाईट असते काय?

एक्सपोर्टमध्ये एच.२६४ कोडेक (व्हिडिओ पिळायची पद्धत) घे, बिटरेट व्हीबीआर टू पास (व्हिडिओ दोनदा बघून गरजेप्रमाणं बिटरेट कमीजास्त करतंय), टार्गेट ८ एमबीपीएस, मॅक्सिमम १२. यूट्यूबच १०८० ला ३० फ्रेमसाठी ८ सांगतंय, ६० फ्रेम असेल तर १२. खाली अंदाजे साईज दिसते ती बघूनच बटण दाब. टू पासला वेळ जास्त लागतो, चहा पिऊन ये.

शहापूर_स्टुडिओ:
वरचं बरोबर आहे पण मिरवणुकीला ८ घातलं तर पस्तावशील, स्वतः केलंय म्हणून सांगतो. लग्नात नवरा-नवरी बसलेत, मागचा पडदा हलत नाही, तिथं ८ भरपूर. इथं गुलाल उडूलालाय, डीजेच्या लाईटी लुकलुक करूलाल्यात, शेकडो माणसं नाचूलाल्यात, त्यात मोबाईलचं रात्रीचं शूट म्हणजे काळ्या भागात सगळी मुंग्यांची रांग. प्रत्येक फ्रेम वेगळी, त्यामुळं एन्कोडरला, म्हणजे व्हिडिओ पिळणाऱ्या प्रोग्रॅमला, मागच्या फ्रेममधलं फारसं काही वापरता येत नाही, बिटरेट सगळा त्या मुंग्या जपण्यात जातो आणि चेहऱ्यांचे चौकोन होतात. म्हणून टार्गेट १२ ठेव.

अजून बारीक पाहिजे तर आधी नॉईज, म्हणजे त्या मुंग्या, काढ. प्रीमियरमधनं मोठीच फाईल काढायची, मग हँडब्रेक हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात फिल्टर्समध्ये एनएलमीन्स (नॉईज काढायचा फिल्टर) लाईट लाव, आरएफ (क्वालिटीचा आकडा) २१-२२. जुन्या लॅपटॉपवर लई हळू चालतंय हां, रात्रीला लाव. आणि फ्रेमरेट कॉन्स्टंट ठेव, मोबाईलचा फ्रेमरेट वरखाली होत असतो, एडिट करताना ढोल एकीकडं आणि काठी एकीकडं असं होतंय कधीकधी.

निपाणीकर_अक्का:
एच.२६४ पेक्षा नवा एच.२६५ का कोण बोलंना झालंय? तेवढीच क्वालिटी, फाईल जवळपास निम्मी.

टिळकवाडी_एडिटर:
अक्का, यूट्यूबला चालतंय, पण मंडळवाले पेनड्राईव्ह पण मागणार आणि गल्लीतल्या जुन्या टीव्हीवर लावणार, तिथं एच.२६५ बहुतेक उघडत नाही. एच.२६४ हा २००३ चा जुना गडी, कुठंही चालतोय. पेनड्राईव्हवरनं आठवलं, फॅट३२ फॉरमॅट असेल तर ४ जीबीच्या वरची एक फाईल बसतच नाही, जागा ३२ जीबी रिकामी असली तरी. आमच्या इथं एकानं नवा पेनड्राईव्ह दुकानदाराच्या अंगावर फेकला होता.

गोगटे_सर्कल:
झिपचं सोडा, हे तरी ऐका. १०८० ऐवजी १४४० करून टाकलं तर यूट्यूब आपल्या बाजूनं चांगल्या कोडेकमध्ये फिरवतंय, शेवटी बघणाऱ्याला स्वच्छ दिसतंय. शूट ४के आहेच तर १०८० वर कशाला आणायचं?

शहापूर_स्टुडिओ:
ह्यावेळी बरोबर बोललास. पण १४४० ला १६ तरी बिटरेट पाहिजे, फाईल २.६ जीबी, त्याच्या नेटवर दोन तास धरून चाल.

खानापूरचा_पोरगा:
लई आभार. ५० च होतं बरं का, कुठला प्रीसेट लागला होता देव जाणे. १०८०, टार्गेट १२, टू पास केलं, १.९८ जीबी आली, दीड तासात चढली. पेनड्राईव्हला पण तीच. १४४० गणपतीला करतो. आता मंडळवाले म्हणतात अध्यक्ष तीनच सेकंद दिसूलाल्यात, परत एडिट कर.