कॉमिकवरचे चित्रपट तिकीटबारीवर का पडतात?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर): 2011 च्या ‘ग्रीन लँटर्न’ या कॉमिकवरच्या चित्रपटावर सुमारे 20 कोटी डॉलर खर्च झाले आणि जगभरात जवळपास 22 कोटींचा गल्ला जमला, तरीही तो तोट्यातला का मानतात?

उत्तर 1: तिकिटाचा साधारण निम्मा वाटा चित्रपटगृहांकडे राहतो आणि जाहिरातीचा खर्च वेगळाच असतो.

उत्तर 2: हिशेब पटला, पण प्रेक्षक का फिरकला नाही, हे अधिक महत्त्वाचे आहे. ‘ग्रीन लँटर्न’च्या नायकाची हिरवी अंगठी, तिची शपथ, परग्रहावरचे रक्षकदल हे सारे कॉमिकच्या वाचकाला तोंडपाठ असते. आपल्या कोल्हापुरात मात्र तिकीट काढणाऱ्या बहुतेकांनी ते कॉमिक हातातही धरलेले नसते, आणि त्यांना नायकाविषयी लवकर ओढ वाटली नाही, तर सोमवारी खुर्च्या रिकाम्या पडतात.

उत्तर 3: 2012 च्या ‘ड्रेड’ या कॉमिकवरच्याच चित्रपटाचे चाहत्यांनी कौतुक केले, तरी तो चालला नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते.